तीनशे दिवस पाऊस

२६ जुलै २००५ च्या त्या प्रलयी चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मॅक्वारी बेटावर जवळपास तेवढाच पाऊस पडायला अख्खं वर्ष लागतं. पण त्या वर्षातले तीनशेहून जास्त दिवस पावसाचे असतात. हिशोब केला तर दिवसाला तीनेक मिलिमीटर. छत्री उघडावी की नाही, असा संभ्रम पडावा एवढाच. अर्थात छत्री तिथे मिनिटभरही टिकायची नाही. वाऱ्याचा वर्षभराचा सरासरी वेगच ताशी पस्तीस किलोमीटरच्या आसपास असतो, आणि सरासरी म्हणजे शांत दिवस धरून.

हे बेट ऑस्ट्रेलियाचं, प्रशासकीय दृष्ट्या टास्मानिया राज्याचं. टास्मानियापासून आग्नेयेला साधारण दीड हजार किलोमीटर, म्हणजे टास्मानिया आणि अंटार्क्टिका यांच्या जवळजवळ मध्यावर. लांबी ३४ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त साडेपाच. बेटावर झाड एकही नाही. उंच गवताचे झुबके, मऊ दलदल आणि दोनशे-तीनशे मीटर उंचीचं पठार, जे बहुतेक वेळ ढगातच असतं. किनाऱ्यावर पेंग्विन लाखोंनी आणि हत्ती-सील हजारोंनी. माणसं हिवाळ्यात वीसेक, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. बंदर नाही, धावपट्टी नाही. जहाज येतं तेव्हा बाहेरच उभं राहतं आणि माल हेलिकॉप्टरने नाहीतर छोट्या बोटींनी उतरवावा लागतो.

अशा ठिकाणी १९४८ पासून एकही खंड न पडता हवामानाच्या नोंदी होत आहेत. दक्षिण गोलार्धात इतक्या दक्षिणेकडच्या अक्षांशावर एवढी सलग नोंदवही असलेली ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. तिचं मोल नेमकं कशात, हे मात्र अलीकडेच नीट उलगडायला लागलं आहे.

आधी तिथलं हवामान असं का, ते पाहू. बेट साडेचौपन्न अंश दक्षिणेला आहे. उत्तर गोलार्धात याच अंतरावर हॅम्बुर्गसारखी भरलेली शहरं आहेत, कारण तिकडे वाऱ्याच्या वाटेत युरोप, सायबेरिया, कॅनडा असे भूभाग आडवे येतात. दक्षिणेत या पट्ट्यात दक्षिण अमेरिकेचं शेपूट वगळलं तर वाऱ्याला अडवणारं काहीच नाही. पश्चिमी वारे पृथ्वीभोवती पाण्यावरून फिरत राहतात. त्यांच्यासोबत कमी दाबाची क्षेत्रं एकामागून एक येतात आणि दोन-चार दिवसांना एक या हिशोबाने बेटावरून किंवा बेटाच्या दक्षिणेकडून निघून जातात. शिडाच्या जहाजांवरच्या खलाशांनी चाळिशीच्या अक्षांशांना गर्जणारे आणि पन्नाशीच्यांना खवळलेले म्हटलं, ते याच वाऱ्यांमुळे.

समुद्राचं पाणी उन्हाळा-हिवाळा तीन ते सात अंशांच्या दरम्यान. हवा सतत या पाण्यावरूनच येत असल्याने तिचं तापमानही तेवढ्यातच घुटमळतं. वर्षाची सरासरी पाच अंशांच्या जरा अलीकडे. सर्वांत ऊबदार आणि सर्वांत थंड महिन्यांत फरक अवघा तीन-चार अंशांचा. पुण्यात फेब्रुवारीतल्या एका दिवसात, पहाटे ते दुपार, याच्या कितीतरी पट फरक पडतो. मॅक्वारीवर बर्फ कुठल्याही महिन्यात पडू शकतो आणि भर हिवाळ्यातही समुद्र गोठत नाही. ऋतू असा काही नाहीच म्हटलं तरी चालेल.

मग तिथे हवामानाचा अंदाज वर्तवायचा म्हणजे काय करायचं? ढगाळ, वारा, अधूनमधून पाऊस, एवढं वर्षभर रोज लिहिलं तरी फारसं चुकणार नाही. खरा प्रश्न तासांचा असतो. कमी दाबाचं क्षेत्र जवळ येताना वारा वायव्येकडून येतो. ही हवा उत्तरेकडची, त्यातल्या त्यात उबदार आणि दमट. थंड पाण्यावर येताच धुकं आणि बुरबुर पाऊस. मग शीत आघाडी ओलांडून जाते, वारा तासाभरात फिरून नैर्ऋत्येचा होतो, धुकं फाटतं आणि बर्फ-गारांच्या सरी सुरू होतात. दोन सरींच्या मधे आकाश लख्खही होतं. हेलिकॉप्टरला दिसण्यापुरता उजेड हवा आणि सरींच्या मधली ती फट हवी. बोटींना लाटा कमी हव्यात, आणि लाटांची दिशा बेटाच्या दुसऱ्या बाजूची हवी. वर्षाची रसद घेऊन आलेलं जहाज समोर उभं असताना आघाडी सकाळी अकराला जाणार की दुपारी तीनला, यावर अख्खं वेळापत्रक लटकलेलं असतं. तिथला अंदाज खऱ्या अर्थाने लागतो तो अशा दिवशी.

नोंदींची सुरुवात डग्लस मॉसनच्या अंटार्क्टिक मोहिमेने केली. डिसेंबर १९११ मध्ये त्याचं 'ऑरोरा' जहाज दक्षिणेला जाताना पाच जणांना मॅक्वारीवर उतरवून गेलं. प्रमुख होता जॉर्ज एन्सवर्थ, ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्यातला माणूस. उरलेल्यांत दोघे बिनतारी यंत्राचे जाणकार, एक भूशास्त्रज्ञ आणि एक जीवशास्त्रज्ञ. बेटाच्या उत्तर टोकाच्या टेकडीवर त्यांनी बिनतारी संदेशाचे खांब उभे केले. त्या टेकडीला आजही वायरलेस हिल म्हणतात. मॉसनला हे केंद्र हवं होतं मुख्यतः संदेशांसाठी, कारण अंटार्क्टिकावरून थेट ऑस्ट्रेलिया गाठण्याइतकी त्याच्या यंत्रांची ताकद नव्हती. हवामान खात्याला मात्र रोजचे दाब, तापमान आणि वारे त्याच दिवशी हातात मिळू लागले. तोवर दक्षिणेकडचं हवामान कळायचं ते जहाज परत आल्यावर, म्हणजे महिन्यांनी. इतिहास म्हणून उपयोगी, अंदाजाला शून्य.

मोहीम संपत आल्यावर सरकारने केंद्र स्वतःकडे घेतलं. त्याची किंमतही मोजावी लागली. डिसेंबर १९१४ मध्ये बेटावर माणसं आणि सामान पोचवून परत निघालेलं 'एन्डेव्हर' जहाज कधीच कुठे पोचलं नाही. जहाजाचा किंवा त्यावरच्या माणसांचा मागमूस लागला नाही. वर त्यात युद्ध सुरू. १९१५ मध्ये केंद्र बंद झालं आणि तीसेक वर्षं बेटावर कोणी दाब मोजला नाही. मॉसनच्या मोहिमेने गोळा केलेल्या आकड्यांचा सविस्तर अभ्यास न्यूझीलंडच्या हवामान खात्याचा प्रमुख एडवर्ड किडसन याने केला, आणि तो छापून आला चाळीसच्या दशकात, किडसनच्या मृत्यूनंतर. आकडे गोळा करणाऱ्याने त्यांचं फळ स्वतःच्या हयातीत मिळण्याची अपेक्षा धरू नये, हे या धंद्यात पूर्वापार चालत आलं आहे.

मार्च १९४८ मध्ये केंद्र पुन्हा उभं राहिलं. जागा तीच: वायरलेस हिल आणि मुख्य पठार यांना जोडणारी, समुद्राच्या जेमतेम वर असलेली वाळू-गोट्यांची चिंचोळी पट्टी. दोन्ही बाजूंना समुद्र. सामान उतरवायला सोयीची, लाटांना तितकीच सोयीची. हत्ती-सीलांनाही ती आवडते. टन-दोन टनांचं जनावर तापमापकाच्या खांबाला पाठ घासू लागलं तर नोंदीचं काय होणार हे सांगायला नको, म्हणून उपकरणांना कुंपण घालावं लागतं. खाऱ्या तुषारांपासून वाचवणारं कुंपण मात्र कुणी शोधलेलं नाही.

जमिनीवरच्या मोजमापांपेक्षा जास्त कसरत फुग्याची. जगभरातल्या वेधशाळा ठरलेल्या वेळी, ग्रिनिचच्या मध्यरात्री आणि दुपारी बाराच्या नोंदीसाठी, हवेत फुगे सोडतात. आपल्याकडे त्या वेळा म्हणजे पहाटेचे आणि संध्याकाळचे साडेपाच. मुंबई, नागपूर, पणजी इथून पहाटेचा फुगा वर जात असतो तेव्हा मॅक्वारीवर सकाळचे दहा-अकरा वाजलेले असतात. साऱ्या पृथ्वीच्या वातावरणाचं एकाच क्षणाचं चित्र मिळावं, म्हणून हा खटाटोप. फुग्याखाली दोरीला लटकलेली हातात मावेल एवढी पेटी असते, रेडिओसोंड. तापमान, आर्द्रता, दाब आणि उपग्रहांच्या मदतीने स्वतःचं ठिकाण ती दर सेकंदाला खाली कळवत राहते. ठिकाण कसं बदलतं यावरून त्या त्या उंचीवरचा वारा कळतो. वर जाता जाता बाहेरचा दाब कमी होतो, फुगा फुगत जातो, आणि पंचवीस-तीस किलोमीटरवर कुठेतरी फुटतो. पेटी बहुधा समुद्रात. परत मिळत नाही, मिळावी अशी अपेक्षाही नसते.

फुगा सेकंदाला साधारण पाच मीटर वेगाने चढतो. वारा ताशी ऐंशी किलोमीटरचा असेल, म्हणजे सेकंदाला बावीस मीटरचा, तर एक मीटर वर जाईपर्यंत फुगा चार मीटरहून जास्त बाजूला सरकलेला असतो. सोडल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांतच तो छपरावर, तारांवर किंवा सरळ समुद्रावर आपटू शकतो. म्हणून फुगा भरण्याच्या खोलीचं दार कुठल्या बाजूचं, निरीक्षकाने उभं कुठे राहायचं, झुळुकीची उसंत कधी धरायची, या सगळ्याला महत्त्व येतं. त्यात फुग्यात हायड्रोजन असेल तर ठिणगीची धास्ती, म्हणून कपड्यांपासून चपला-बुटांपर्यंत स्थिर वीज साठू नये याची काळजी. ऑस्ट्रेलियातल्या कित्येक केंद्रांवर आता फुगे यंत्राकडून आपोआप सुटतात. ते बरोबरच आहे. पण साठ किलोमीटरच्या वाऱ्यात, ओल्या बर्फात फुगा सोडायचं कसब हे हाताचं कसब आहे; नियमावली वाचून ते येत नाही.

ही माहिती काही मिनिटांत जागतिक दूरसंचार जाळ्यावर जाते आणि तिथून जगभरच्या हवामान केंद्रांच्या संगणकांत, आपल्या भारतीय हवामान खात्याच्याही. संगणकाकडे आधीच्या अंदाजावरून केलेलं आत्ताच्या वातावरणाचं एक चित्र तयार असतं. नवी निरीक्षणं आली की त्या चित्राला टाचणी-टाचणीने ओढून जागेवर आणलं जातं, आणि मग पुढचा अंदाज सुरू होतो. दक्षिण महासागरावरची बहुतेक निरीक्षणं उपग्रहांची असतात. पण उपग्रह तापमान थेट मोजत नाही. खालून येणारं प्रारण मोजतो आणि त्यावरून तापमान काढतो. त्यात ठरावीक दिशेने चूक असू शकते. ही चूक ओळखून दुरुस्त करायची तर प्रत्यक्ष हवेतून वर गेलेल्या तापमापकाचा आकडा लागतो. हजारो किलोमीटर रिकाम्या समुद्रात एका बेटाचा फुगा म्हणूनच त्याच्या संख्येच्या मानाने फार मोठं काम करतो. त्याचा फायदा ऑस्ट्रेलियापेक्षा न्यूझीलंडला आणि त्यापलीकडच्या पॅसिफिकला अधिक, कारण हवा पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते आणि ऑस्ट्रेलिया बेटाच्या मागे राहतं. खर्च एकाचा, लाभ दुसऱ्याचा. हवामानशास्त्र दीडशे वर्षं याच उधारीवर चाललं आहे आणि अजून तरी कुणी हिशोब मागितलेला नाही.

पण फुगा आणि दाबमापक यांच्यापुढे पर्जन्यमापक हे अगदीच गरीब उपकरण. आठ इंच व्यासाचं एक भांडं. स्वयंचलित असेल तर आत एक छोटासा दोन कप्प्यांचा पाळणा, जो ०.२ मिलिमीटर पाणी साठलं की कलंडतो आणि एक टिचकी नोंदवतो. माझ्या मते मॅक्वारीची खरी गोष्ट या भांड्याभोवतीच फिरते.

समुद्रावर पाऊस किती पडतो, हे आपल्याला आश्चर्य वाटावं इतकं कमी माहीत आहे. हिंदकळणाऱ्या जहाजावर पाऊस नीट मोजता येत नाही. तरंगते बोये तर बहुतेक पाऊस मोजतच नाहीत. उरले उपग्रह. २००६ मध्ये सोडलेल्या 'क्लाउडसॅट'वर ढगांत डोकावणारं रडार होतं, पण समुद्राच्या पृष्ठभागावरून येणारा जोरदार प्रतिध्वनी खालच्या सुमारे एक किलोमीटरमधलं सगळं झाकून टाकायचा. दक्षिण महासागरावरचे ढग ठेंगणे आणि बुटके, बराचसा पाऊस नेमका याच एका किलोमीटरमधला. म्हणजे जिथे पाऊस आहे तिथेच रडार आंधळं.

भांडं आंधळं नाही, पण लबाड आहे. जोराच्या वाऱ्यात हवा भांड्याच्या काठावरून उसळते आणि हलके थेंब आपल्यासोबत पलीकडे नेते. बर्फाचे कण तर आणखी सहज निसटतात. याउलट लाटांचे तुषार आत येऊन फुकटची भर घालतात. म्हणून मॅक्वारीचा पाऊस इतके मिलिमीटर, असं कोणी छातीठोक सांगू लागला तर थोडं सबुरीनं घ्यावं. मात्र भांडं तसंच, जागा तीच आणि वारा साधारण तितकाच राहिला, तर चूकही साधारण तितकीच राहते, आणि दशकांतला बदल खरा मानता येतो. सलग नोंदीचं सगळं मोल इथे आहे. नवं, अचूक उपकरण आज लावलं तर आजचा आकडा सुधारेल. १९७९ चा नाही.

आणि बदल मोठा आहे. १९७९ ते २०२३ या काळात बेटावरचा वार्षिक पाऊस सुमारे २८ टक्क्यांनी वाढला आहे. याच काळाचं हवामान संगणकावर पुन्हा उभं करणारी जी प्रसिद्ध माहिती संशोधक वापरतात, तिच्यात ही वाढ फारच थोडी दिसते. पहिली शंका अर्थातच, वादळं वाढली असतील. संशोधकांनी रोजची हवामानस्थिती गटांत विभागून तपासलं तेव्हा वादळांची संख्या फारशी वाढलेली आढळली नाही. येतात तेवढीच, पण पाणी जास्त टाकून जातात. उबदार हवेत बाष्प जास्त मावतं, अंशाला साधारण सात टक्के, हे शाळेतलं गणित आहे. पण त्या हिशोबाने २८ टक्के भरायचे तर हवा चार अंशांनी तापायला हवी होती, आणि तसं काही झालेलं नाही. म्हणजे आणखी काहीतरी घडतं आहे, आणि तो पाऊस संगणकाच्या चित्रातून निसटतो आहे.

संगणकांना दक्षिण महासागराचे ढग नीट जमत नाहीत, हा जुनाच दुखरा भाग. त्यांच्या चित्रात समुद्रावर वाजवीपेक्षा जास्त ऊन पडायचं. त्याचा एक धागा इथल्या स्वच्छ हवेत सापडला. ढगातल्या थेंबाला गोठायला धुळीचा एखादा कण आधाराला लागतो. हजारो किलोमीटर जमीन नसलेल्या या हवेत तसे कण दुर्मीळ, म्हणून थेंब शून्याखाली दहा-वीस अंशांपर्यंतही पाणीच राहतात. पाण्याच्या बारीक थेंबांचा ढग बर्फाच्या ढगापेक्षा जास्त उजळ असतो आणि जास्त ऊन परतवतो. संगणक मात्र तिथे बर्फ धरून चालत होते. २०१६ ते २०१८ या काळात ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी मॅक्वारीवर खास उपकरणं नेऊन हे ढग खालून पाहिले, त्यामागे हेच कोडं होतं. खालून पाहण्यासाठी पायाखाली काहीतरी स्थिर हवं, आणि त्या समुद्रात स्थिर असं फारच थोडं आहे.

विशेष म्हणजे ती उपकरणं बेटावर पोचली त्याच वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या अंटार्क्टिक विभागाने बेटावरचं कायमचं केंद्र बंद करण्याचं जाहीर केलं होतं. इमारती जुन्या, पट्टी सखल, लाटांचा धोका. कारणं खोटी नव्हती. पण शास्त्रज्ञांनी एवढा गदारोळ केला की काही आठवड्यांतच सरकारने निर्णय फिरवला आणि पाच कोटी डॉलर जाहीर केले. उन्हाळ्यात येऊन-जाऊन मोजमापं करता आली असती, असाही एक युक्तिवाद तेव्हा होता. मला तो पटत नाही. हिवाळ्याची पानं कोरी असलेल्या नोंदवहीत वर्षाचा पाऊस वाढला की घटला, हे सांगता येत नाही.

वाढलेल्या पावसाने बेट हिरवं झालं असेल असं वाटेल, तर तसंही नाही. पठारावर गादीसारखी पसरणारी अझोरेला नावाची वनस्पती जगात फक्त इथे होते. २००८ च्या डिसेंबरपासून ती जागोजागी पिवळी पडून मरू लागली. दोन वर्षांत तिला अतिसंकटग्रस्त ठरवावं लागलं. वर्षाचा एकूण पाऊस वाढत असतानाही, वाढत्या वाऱ्याने आणि उन्हाने उन्हाळ्यातलं बाष्पीभवन वाढलं, पानांतलं पाणी तुटलं आणि अशक्त झालेल्या रोपांवर रोग बळावला, असं संशोधक मानतात. कायम ओल्या हवेत हजारो वर्षं वाढलेल्या वनस्पतीला चार कोरडे दिवस म्हणजे दुष्काळच. वर्षाची बेरीज पाहून समाधान मानणाऱ्यांना मराठवाडाही हेच सांगेल.

आता एका बेटावरून अख्ख्या महासागराबद्दल किती बोलावं? दक्षिण आफ्रिकेचं मॅरियन बेट याच वाऱ्यांच्या वाटेत, पण बरंच उत्तरेला, सत्तेचाळीस अंशांच्या आसपास आहे. तिथेही चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून नोंदी आहेत आणि तिथला पाऊस १९६० च्या दशकापासून घटत आला आहे. वादळांची वाट ध्रुवाकडे सरकते आहे, म्हणून उत्तरेच्या बेटाचं घटलं आणि दक्षिणेच्या बेटाचं वाढलं, असं म्हणायचा मोह होतो, आणि त्यात तथ्यही असावं. पण मॅक्वारीवर वादळांची संख्या नव्हे, तर प्रत्येक वादळातलं पाणी वाढलं आहे, हे त्या सोप्या उत्तरात बसत नाही. समुद्रावर पडणारं हे गोडं पाणी वरच्या थराचा खारटपणा कमी करतं, खालच्या-वरच्या पाण्याची घुसळण बदलतं, आणि जगातल्या महासागरांत मुरणाऱ्या उष्णतेचा फार मोठा वाटा याच समुद्राच्या घुसळणीतून खाली जातो. तेव्हा पावसातली वाढ थोडीशीच आहे की अठ्ठावीस टक्के, याने फरक पडतो. तपासून पाहायला मॅक्वारी, मॅरियन, फ्रान्सचं कर्गेलेन आणि आणखी एखाद-दोन बेटं आहेत. त्यापलीकडे त्या समुद्रात पर्जन्यमापक ठेवायला जमीनच नाही.